तीन पुड्या

चीनच्या ईशान्य टोकाला हेइलोंगजियांग नावाचा प्रांत आहे. थंडी अशी की हिवाळ्यात नद्या गोठतात आणि माणसे नदीवरून चालत पैलतीराला जातात. त्या प्रांतातल्या एका खेड्यात एक वैद्य होता. गळ्याला गाठी उठून त्या वाहू लागल्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला गंडमाळ म्हणत ते दुखणे झाले, की त्यावर द्यायचे एक जुने औषध त्याला ठाऊक होते. पुढे लोक इतर गाठींसाठीही तेच औषध मागू लागले. त्यांतल्या काही गाठी कॅन्सरच्या होत्या.

औषध तीन वस्तूंचे होते. पहिली वस्तू सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष. दुसरी, पाऱ्यापासून केलेली पांढरी पूड. तिसरी, भेकाचा चीक. अंगावर फोड असलेल्या मोठ्या भेकाच्या कानामागे दोन उंचवटे असतात. ते दाबले की पांढरा चीक निघतो, तो वाळवून ठेवायचा.

तिन्ही विषेच. त्यातही सोमलाची कीर्ती सर्वांत वाईट. पांढरी पूड, वास नाही, चव नाही. आपल्याकडे उंदीर मारायला वापरत, आणि जुन्या काळी नको असलेली माणसे मारायलाही. चीनमध्येही त्याची ख्याती याहून वेगळी नव्हती.

ही गोष्ट १९७१ सालची. त्या काळात चीनमध्ये शहरांतल्या डॉक्टरांना तुकड्यातुकड्यांनी खेड्यांत पाठवत असत. त्याच प्रांतातल्या हार्बिन शहरात, वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात हान तायुन नावाचे एक फार्मासिस्ट होते. त्यांच्या कानावर या औषधाची गोष्ट आली. हान यांचे काम औषधे तयार करण्याचे. त्यांनी तिन्ही वस्तू घेतल्या, त्यांचे पाण्यात विरघळणारे द्रावण केले आणि टोचता येईल असे इंजेक्शन बनवले. मार्च महिना होता. ७१ साल, तिसरा महिना, म्हणून त्या इंजेक्शनला ७१३ असे नाव पडले.

इंजेक्शन काही रुग्णांना दिले गेले. कुणाची गाठ उतरली, कुणाला आराम पडला. बातमी गावोगाव गेली. दवाखान्यापुढे रांगा लागल्या. ज्यांना मोठ्या रुग्णालयांनी घरी पाठवले होते ते बैलगाडीतून, ट्रॅक्टरवरून, मिळेल त्या वाहनाने येऊ लागले. कॅन्सर झालेल्या घराला आशा दाखवायला फार काही लागत नाही.

पण काही दिवसांनी दुसऱ्याही बातम्या येऊ लागल्या. कुणाचे डोके फुटेल असे दुखू लागले. कुणाच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. पुष्कळ ठिकाणी इंजेक्शन बंद पडले.

इथे गोष्ट संपू शकली असती. अशा पुष्कळ गोष्टी अशाच संपतात.

त्याच रुग्णालयात झांग तिंगदोंग नावाचे एक डॉक्टर होते. रक्ताचे आजार हा त्यांचा विषय. त्यांचे शिक्षण पाश्चात्त्य वैद्यकाचे, पण नंतर त्यांनी चिनी वैद्यकाचाही रीतसर अभ्यास केला होता. त्यामुळे खेड्यातल्या वैद्याचे नाव निघाले की त्यांना हसू येत नसे, आणि हातही जोडावेसे वाटत नसत. १९७२ पासून झांग आणि हान एकत्र काम करू लागले.

त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. हे सगळे थोतांड आहे असे लिहून कागद फायलीत लावायचा, हा एक. काही जण बरे होत आहेत ना, मग त्रास सोसायचाच, असे म्हणून इंजेक्शन पुढे चालू ठेवायचे, हा दुसरा. त्यांनी तिसराच रस्ता धरला, आणि तो कंटाळवाणा होता. त्यांनी तिन्ही पुड्या वेगळ्या केल्या.

एकेक वस्तू वेगळी देऊन पाहायची. रक्तदाब मोजायचा, लघवी तपासायची, रक्त तपासायचे, लिहून ठेवायचे. हळूहळू एकेकीचा स्वभाव कळू लागला. रक्तदाब चढत होता तो भेकाच्या चिकामुळे. लघवीतून प्रथिने जात होती ती पाऱ्यामुळे. आणि आजाराला जे काही लागू पडत होते ते सोमलामुळे. म्हणजे तिघांत जो सर्वांत बदनाम, तोच कामाचा निघाला.

चीक काढून टाकला. पारा आधी नावापुरता ठेवला, पुढे तोही गेला. उरले निव्वळ सोमल, पाण्यात विरघळवलेले, मोजून मापून दिलेले. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम. ज्वारीच्या एका दाण्याचे वजनही याहून जास्त भरते.

मग प्रश्न आला, हे द्यायचे कुणाला? दोघांनी ब्लड कॅन्सरचे रुग्ण निवडले. १९७३ साली त्यांनी पहिला अहवाल छापला. त्यात रुग्ण होते फक्त ६, जुनाट प्रकारच्या ब्लड कॅन्सरचे. अहवाल प्रांतातल्याच एका वैद्यकीय मासिकात आला. बाहेर कुणी वाचला नाही. १९७९ साली झटक्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरच्या ५५ रुग्णांचा अहवाल आला. तोही चिनी भाषेत, तोही कुणी वाचला नाही.

पण त्या ५५ जणांच्या कागदांत एक गोष्ट दिसत होती. ब्लड कॅन्सर हा काही एक आजार नाही. त्याचे बरेच प्रकार आहेत, आणि सोमल सगळ्यांना सारखे लागू पडत नव्हते. काहींना थोडाच उपयोग होत होता. एका प्रकारात मात्र फरक डोळ्यांत भरण्याइतका होता. डॉक्टर त्या प्रकाराला एम-३ म्हणत.

हा एम-३ म्हणजे भल्याभल्या डॉक्टरांना धडकी भरवणारा आजार. १९५७ साली नॉर्वेतल्या एका डॉक्टरने त्याचे वर्णन पहिल्यांदा केले, तेव्हाच लिहिले की याची धाव फार वेगवान आहे. सुरुवात साधी असे. सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त येई. मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग दिसत, आणि कुठे आपटल्याचे तर आठवत नसे. मग नाकातून येणारे रक्त थांबेना. या आजारात रक्त गोठवणारी यंत्रणाच बिघडते. एखाद्या रात्री मेंदूत रक्तस्राव होई आणि सकाळी खाट रिकामी असे. निदान झाल्यापासून काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, माणूस जाई. वयाने बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन. घर ज्यांच्यावर चालते अशी माणसे.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाडांच्या पोकळीत जन्मतात, तिथेच वाढतात, वयात येतात आणि मग रक्तात उतरतात. एम-३ मध्ये त्या अर्ध्या वयात अडकून पडत. मोठ्याही होत नसत आणि मरतही नसत. नुसत्या वाढत राहत. हाडांची पोकळी त्यांनी भरून जाई आणि कामाच्या पेशींना जागाच उरत नसे.

हार्बिनमध्ये असे रुग्ण सोमलाच्या सलाईनवर जगू लागले. १९९२ साली त्यांचा हिशेब छापला गेला. ३२ रुग्णांपैकी २१ जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता, आणि १६ जण पाच वर्षांहून जास्त जगले होते. जो आजार आठवड्यांत मोजायचा, तो आता वर्षांत मोजला जात होता.

खरे तर सोमलाचा हा उपयोग अगदीच नवा नव्हता. इंग्लंडमध्ये थॉमस फाउलर नावाच्या डॉक्टरने १७८६ साली सोमलाचे एक द्रावण तापावर वापरले होते. पुढे १८६५ साली जर्मनीतल्या एका डॉक्टरने तेच द्रावण ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला दिले आणि त्याला काही काळ बरे वाटले. मग क्षकिरण आले, केमो आली, आणि सोमल मागे पडले. त्या वेळी कोणत्या ब्लड कॅन्सरला ते खरे लागू पडेल हे विचारायला कुणाकडे साधनच नव्हते. औषध होते, प्रश्न नव्हता.

आता गोष्ट थोडी दक्षिणेला सरकते. शांघायमध्ये वांग झेनयी नावाचे एक डॉक्टर होते. १९५९ साली ते तरुण असताना त्यांच्याकडे ब्लड कॅन्सरचा वॉर्ड सोपवला गेला. त्यांना वाटले होते, मन लावून काम केले तर आपण हा आजार बरा करू. सहा महिन्यांत त्यांच्या वॉर्डातले साठाहून अधिक रुग्ण गेले. त्या सहा महिन्यांनंतर पुष्कळांनी विषयच बदलला असता. वांग यांनी बदलला नाही. पुढची वीसएक वर्षे ते त्याच आजाराच्या मागे राहिले.

त्या काळचा सगळा उपचार एकाच विचारावर चालत होता. वाईट पेशी माराव्यात. केमो त्यासाठीच. पण केमो वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारते, आणि एम-३ मध्ये मरणाऱ्या पेशींतून असे काही बाहेर पडते की रक्तस्राव आणखी वाढतो. वांग यांना कन्फ्यूशियसची शिकवण आठवत असे. लोकांना नुसत्या शिक्षेच्या धाकात ठेवू नये, शिकवून वळणावर आणावे, असे तो सांगून गेला होता. इस्रायलमध्ये लिओ सॅक्स नावाचे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत दाखवत होते की ब्लड कॅन्सरच्या काही पेशींना मोठे व्हायला भाग पाडता येते. एकदा पेशी वयात आली की ती आपले काम करते आणि आपल्या वेळी मरते. मग तिला मारायचे कशाला?

पण पेशीला मोठे करणार कशाने? अमेरिकेत अ जीवनसत्त्वापासून केलेले एक आम्ल वापरून पाहिले जात होते. ते चीनमध्ये सहज मिळत नव्हते. शांघायच्या एका औषध कारखान्यात मात्र त्याचा सख्खा भाऊ तयार होत होता. तो होता मुरुमांवर आणि त्वचेच्या इतर विकारांवर द्यायचा. वांग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तोच प्रयोगशाळेत घातला, आणि अडकलेल्या पेशी मोठ्या होताना दिसल्या. अमेरिकेतल्या औषधापेक्षा हे चेहऱ्यावरच्या मुरुमांचे औषध या कामाला जास्त चांगले होते. नाइलाजाने हाती आले ते नेमके योग्य निघाले. अशा वेळी नशीब म्हणावे की चिकाटी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वांग यांच्या पत्नीही डॉक्टर होत्या, मुलांच्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या रुग्णालयात पाच वर्षांची एक मुलगी एम-३ घेऊन आली. केमो देऊन झाली होती. ताप उतरत नव्हता, रक्त थांबत नव्हते. आईवडिलांनी आशा सोडली होती. पत्नीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा वांग म्हणाले, ते औषध देऊन पाहू.

सहकाऱ्यांनी सावध केले. मुलगी तशीही वाचणार नाही; मग दोष तुमच्या औषधावर येईल, तुमच्या नावावर येईल. वांग यांनी औषध दिले. तोंडाने घ्यायच्या गोळ्या. आठवड्याभरात मुलीला उतार पडू लागला. पुढे आजार आटोक्यात आला. ती मोठी झाली.

१९८८ साली वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचा अहवाल अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात छापला. सगळ्या २४ जणांचा आजार आटोक्यात आला होता. त्यांतल्या फक्त एकाला सोबत थोडी केमो द्यावी लागली. या वेळी जगाने वाचले. वांग यांनी औषधाचे पेटंट घेतले नाही.

पण एक अडचण उरली. एकट्या गोळ्यांवर राहिलेल्या रुग्णांत काही महिन्यांनी आजार पुन्हा डोके वर काढत होता, आणि दुसऱ्या खेपेला त्याच गोळ्या फारशा चालत नव्हत्या.

वांग यांचे विद्यार्थी चेन झू आणि चेन सायजुआन तोवर मोठे शास्त्रज्ञ झाले होते. त्यांच्या कानावर हार्बिनची गोष्ट आली. इतकी वर्षे एकाच देशात, एकाच आजारावर, दोन शहरांत काम चालले होते. एका शहरात विष, दुसऱ्यात मुरुमांचे औषध. आता दोन्ही गावचे लोक एकत्र बसले. गोळ्यांनंतर आजार उलटलेल्या १५ रुग्णांना सोमल देण्यात आले. काहींना त्यासोबत इतर औषधेही होती. १४ जणांचा आजार पुन्हा आटोक्यात आला. हे १९९७ साली छापून आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी स्वतः पडताळून पाहिले. १२ पैकी ११. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने सोमलाला रीतसर औषध म्हणून मान्यता दिली. तिथे ते बाटलीत भरून जबर किमतीला विकले जाऊ लागले, हा त्यातला एक विनोद.

ही दोन औषधे एकमेकांना इतकी पूरक का ठरतात, तेही हळूहळू कळले. एम-३ मध्ये पेशीतल्या १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून चुकीच्या जागी जोडले जातात. त्या जोडातून एक वेडेवाकडे प्रथिन तयार होते, आणि तेच पेशीला मोठे होऊ देत नाही. त्या प्रथिनाला दोन टोके. वांग यांच्या गोळ्यांतले अ जीवनसत्त्वाचे आम्ल एक टोक धरते, सोमल दुसरे. दोघांनी धरल्यावर ते प्रथिन पेशीत टिकत नाही. मग पेशी मोठी होते किंवा मरते.

२०१३ साली इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी आणखी धीट पाऊल टाकले. ज्यांचा आजार फार भडकलेला नाही अशा रुग्णांत त्यांनी केमो काढूनच टाकली. अर्ध्या रुग्णांना गोळ्या आणि केमो, अर्ध्यांना गोळ्या आणि सोमल. दोन वर्षांनी पाहिले, तर पहिल्या गटातले ८६ टक्के जण जिवंत आणि आजारमुक्त होते. सोमलाच्या गटात ९७ टक्के. सगळ्या ब्लड कॅन्सरांत ज्याची भीती सर्वांत मोठी होती, तो आता सर्वांत जास्त बरा होणाऱ्यांत गणला जाऊ लागला.

आपल्याकडे ही गोष्ट तमिळनाडूतल्या वेल्लोरला पोचली ती जरा वेगळ्या वाटेने. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एम-३ चे असे रुग्ण येत ज्यांना केमोचा आणि त्यानंतर लागणाऱ्या दीर्घ इस्पितळवासाचा खर्च झेपणारा नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ ते २००४ या काळात ७२ नव्या रुग्णांना मुख्यतः एकट्या सोमलावर ठेवले. ८६ टक्के जणांचा आजार आटोक्यात आला. श्रीमंत देशांत जे औषध उलटलेल्या आजारासाठी राखून ठेवले जात होते, ते इथे पहिल्या दिवसापासून दिले गेले, कारण दुसरे परवडत नव्हते.

एवढे सांगितले तरी सोमल विषच राहिले. ज्या वॉर्डात ते देतात तिथे वरचेवर ईसीजी काढतात, कारण ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. रक्तातले पोटॅशियम सांभाळतात. पेशी एकदम मोठ्या होऊ लागल्या की रुग्णाला ताप येतो, दम लागतो, वजन वाढते. तेव्हा तातडीने स्टिरॉइड द्यावे लागते, नाहीतर उपचारच जीव घेतो. आणि इतर बहुतेक ब्लड कॅन्सरांत सोमलाने असे काही केले नाही. तिथेही ते देऊन पाहिले गेले. घरात कुणी आजारी आहे म्हणून बाजारातून सोमलाची पुडी आणणारा माणूस या गोष्टीतला नाही.

आपल्याकडे जुन्या औषधांचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. काका म्हणतात, आपल्या ऋषीमुनींना सगळे ठाऊक होते. डॉक्टर झालेली पुतणी म्हणते, ही सगळी भोंदूगिरी आहे. जेवण होईपर्यंत दोघेही घसा बसेपर्यंत बोलतात आणि कुणीही पुडी सोडून पाहत नाही. हार्बिनच्या त्या दोघांनी वैद्याचे ऐकले, पण त्याच्या शब्दावर विसंबले नाहीत. त्याच्या औषधाचा मान ठेवला, आणि त्यातले दोन तृतीयांश फेकून दिले. हे जमायला काकांचे कान लागतात आणि पुतणीची वही लागते. एकाच माणसाकडे दोन्ही असणे अवघड; म्हणून बहुधा तिथेही दोन माणसे लागली.

या गोष्टीला एक पुरवणी आहे, आणि तिच्यामुळे ती जरा कमी सरळ होते. चीनमध्ये एम-३ वर आणखी एक पारंपरिक पद्धतीची गोळी वापरात आली होती. तिच्यात मुख्य वस्तू मनशीळ; तीही सोमलासारखीच आर्सेनिकची. सोबत नीळ आणि दोन मुळ्या. तोवर सोमलाची परंपरा पक्की झाली होती, तेव्हा कुणालाही वाटले असते की यातही मनशीळ खरी आणि बाकी भरताड. शांघायच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले तीन मुख्य घटक वेगळे काढले आणि तेच जुने काम पुन्हा केले. आधी एकेकटा, मग दोन-दोन, मग तिघे मिळून. २००८ साली निकाल छापला गेला. मुख्य काम आर्सेनिकचेच होते, यात शंका नव्हती. पण बाकीचे दोघे पेशीची दारे अशी उघडत होते की आर्सेनिक आत जास्त जाई, आणि तिघे मिळून जे करत ते एकट्याला जमत नव्हते. या खेपेला कुणालाच फेकायचे नव्हते.

पुढे ती गोळी सलाईनमधून देण्याच्या सोमलाशी ताडून पाहिली गेली, आणि कमी पडली नाही. २०१४ मध्ये ज्यांचा आजार फार भडकलेला नाही अशा २० जणांना केमो न देता ती गोळी आणि अ जीवनसत्त्वाचे आम्ल एवढेच देण्यात आल्याचे प्रसिद्ध झाले. विसांचाही आजार आटोक्यात आला होता. दोन्ही औषधे तोंडाने घ्यायची असल्यामुळे पहिले दिवस निभावले की पुढचा बराचसा उपचार त्यांना घरी राहून घेता येत होता.